दोघांपुरतं झाड

डिसेंबर लागला की म्हापशाच्या बाजारात नाताळची झाडं फुटांवर विकायला येतात. दोन फुटी, चार फुटी, सहा फुटी. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दुकानाच्या दारात भिंतीला टेकवलेली. शुक्रवारच्या बाजाराला आलेली तरुण जोडपी मोठ्या झाडांपाशी रेंगाळतात आणि त्यांची मुलं तर सगळ्यांत उंच झाडाखाली जाऊन उभीच राहतात. दोन फुटी झाड उलटसुलट करून बघणारी माणसं बहुधा माझ्या वयाची असतात. त्यांच्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आता दोघांसाठी कशाला मोठं?’

मोठं नको, हे मलाही पटतं. पण तेच बोलणं पुढे कधीतरी नुसतं ‘दोघांसाठी कशाला?’ एवढ्यावर येतं आणि मग झाडच येत नाही. दिवाळीचा आकाशकंदील असाच माळ्यावर जातो, चवथीचा गणपती असाच पुतण्याच्या घरी जातो. म्हणून सण लहान करणं आणि सण बंद करणं यांतलं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. ते अंतर कसं राखायचं, हे मी शेजारच्या घरी पाहिलं, त्याबद्दल लिहायचं आहे.

आम्ही हळदोण्याला राहतो. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक चिऱ्यांची गडगी आहे आणि तिच्यावरून वर्षानुवर्षं ताटं इकडून तिकडे जात आली आहेत. चवथीला आमच्याकडच्या नेवऱ्या तिकडे, नाताळला त्यांच्याकडच्या नेवऱ्या इकडे. सोबत दोदोल, दोस, बिबिंक, कुलकुलं, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली. शेजारचे अंकल तारवटी. उभी उमेद बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून गेली. आंटीनं घर, शेत, मुलं आणि सासू एकटीनं सांभाळली. दोघंही आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. मुलगा इंग्लंडात स्विंडनला, मुलगी कॅनडात.

आंटीच्या लहानपणी घरात येणारं झाड म्हणजे किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी. सुरू हा काही खरा पाईन नव्हे, पण त्याच्या बारीक डहाळ्या सुयांसारख्या लांब लोंबतात आणि लांबून पाहिलं तर चित्रातल्या झाडाचा भास होतो. तिचे वडील ती फांदी वाळू भरलेल्या डब्यात रोवायचे, डब्याला रंगीत कागद गुंडाळायचे. सजावट म्हणजे सिगारेटच्या पाकिटातली चांदी, शिंपले आणि कापसाचं बर्फ. बाहेर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बांबूच्या कामट्यांचं आणि पतंगाच्या कागदाचं नक्षत्र, म्हणजे चांदणीचा कंदील. फांदी चार-सहा दिवसांत सुकायला लागायची आणि घरभर तिच्या काड्या व्हायच्या. ‘पण वास,’ आंटी म्हणते, ‘तसा वास मग कधी आला नाही.’

मोठं झाड आलं ते ऐंशीच्या दशकात. अंकलनी हॅम्बुर्ग बंदरातून सात फुटी झाड खोक्यात घालून आणलं. त्या खोक्याची कथा वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, अजून सांगतात. झाड उभं करणं हा एका अख्ख्या संध्याकाळचा कार्यक्रम असे. आधी लोखंडी तिवई, मग दांड्याचे तीन तुकडे एकात एक, मग फांद्या. प्रत्येक फांदीच्या तारेच्या टोकाला रंगाची खूण. लाल सगळ्यांत खाली, मग निळी, मग पिवळी, असा क्रम. फांदी खाचेत अडकवली की तिच्या डहाळ्या एकेक करून बोटांनी उघडायच्या, एक वर, एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे मधली तार दिसत नाही. हे काम मुलांचं. शेवटी अंकल शिडीवर चढणार, आंटी खालून शिडी धरणार आणि टोकावर तारा बसणार. आमची मुलंही त्या संध्याकाळी तिकडेच असत. घरी परतली की त्यांच्या केसांत हिरवा प्लास्टिकचा कचरा सापडे.

मग मुलं गेली. गोव्यात हे काही एकाच घराचं नाही. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या माणसांचं प्रमाण गोव्यात ११.२ टक्के होतं, राज्यांमध्ये केरळच्या खालोखाल. हा आकडा कागदावर लहान दिसतो. वाड्यावरून चालत गेलं की तो नीट कळतो. एका घराला कुलूप, दुसऱ्यात दोघं, तिसऱ्यात एकटी म्हातारी आणि तिची सांभाळणारी बाई. डिसेंबरात नक्षत्रं सगळ्या बाल्कांवात लागतात, आत माणसं किती आहेत ते त्यावरून समजत नाही.

मुलं गेल्यावरही अंकल-आंटी सात फुटी झाड लावत राहिले. खोकं माळ्यावरून उतरवायला वाड्यावरचा एखादा मुलगा बोलवायचा, फांद्या दोघांनी लावायच्या. आंटीच्या बोटांत संधिवात, डहाळ्या उघडताना ती मध्येच हात मांडीवर ठेवून बसायची. तिवईला गोव्याच्या दमट हवेनं गंज चढलेला. अंकलच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी तारा लावायला शिडीवर तेच. पाय थरथरताना मी माझ्या खिडकीतून पाहिलेत. या वयात पडलं आणि खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेल याची खात्री नसते. शिडी धरणाऱ्या आंटीचं वजन तरी किती!

एके वर्षी नोव्हेंबरात अंकल म्हणाले, ‘आतां पुरो.’ झाड नको, येशूजन्माचा गोठा नको, एक नक्षत्र लावू आणि चर्चमध्ये मिसाला, प्रार्थनेला, जाऊन येऊ. कोण येतंय बघायला? त्यांचा प्रश्न एवढाच होता, ‘कोणाखातीर?’ आंटी बराच वेळ काही बोलली नाही. तांदूळ निवडत होती, ते तिनं निवडून संपवले. मग म्हणाली, ‘आमचेखातीर.’ आणि त्यानंतर जे म्हणाली ते मला तिच्या तोंडून ऐकायला मिळालं याचं फार बरं वाटतं. मुलांसाठी म्हणून आपण इतकी वर्षं केलं, तुम्ही बोटीवर असायचात तेव्हा तुम्हाला फोटो पाठवायचा म्हणून केलं. आता कुठे आपण दोघं एका वेळी एका घरात आहोत. मग आताच का बंद?

मला यात आंटीचं सगळं म्हणणं पटतं आणि अंकलचंही अर्धं. शिडी नको, खोकं नको, हे अंकलचं बरोबर. माणसं नाहीत म्हणून सण नको, हे बरोबर नाही. दोन माणसं म्हणजे माणसं नसणं नव्हे. उतारवयातल्या जोडप्यानं आपल्याला घरातली माणसं म्हणून मोजायचं सोडलं की मग जेवणही ‘आज काय, पेजच पुरे’वर येतं. सणाचं तर विचारूच नका.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. तेव्हाचं एक चित्र आठवलं, ते फोनवर शोधून आंटीला नेऊन दाखवलं. डिसेंबर १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये छापून आलेलं, विंडसरच्या राजवाड्यातलं. राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट, त्यांची मुलं आणि मधोमध नाताळचं झाड. इंग्लंडात घरोघरी झाड लावण्याची हौस पसरली त्यात या चित्राचा मोठा वाटा आहे. आंटीनं फोन डोळ्यांजवळ नेला, बोटांनी चित्र मोठं केलं आणि पहिलंच बोलली, ‘हे तर टेबलावर आहे!’ आहेच. जर्मनीत तेव्हा झाड टेबलावर ठेवण्याची चाल होती आणि अल्बर्ट जर्मन. त्याचाच चुलतभाऊ फर्डिनंड, पोर्तुगालच्या राणी मारिया दुसरीचा नवरा. त्यानं त्याच सुमारास लिस्बनच्या दरबारात ही रीत नेली असं पोर्तुगीज सांगतात. म्हणजे ज्या झाडावरून जगानं उचललं तेही टेबलावर मावणारं होतं. जमिनीवर उभं, छताला टेकणारं झाड म्हणजेच खरं, असं काही नाही. आंटीनं ते चित्र अंकलना दाखवलं. अंकलनी झाड नाही पाहिलं, त्यावरच्या मेणबत्त्या पाहिल्या. ‘आग लागली नाही हेच नवल,’ म्हणाले आणि मग स्वतःहून सांगायला लागले की १८८२ साली न्यूयॉर्कला एडिसनच्या सोबत काम करणाऱ्या एडवर्ड जॉन्सननं आपल्या घरच्या झाडावर पहिल्यांदा विजेचे दिवे लावले, ८० दिवे, लाल, पांढरे आणि निळे. बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनला हे माहीत असणारच. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. मला तेव्हाच वाटलं, यंदा झाड येणार.

खरेदीला आम्ही चौघं गेलो. माझी एक सूचना होती, कुंडीतला अरोकेरिया घ्यावा. नॉरफोक बेटावरचं हे झाड गोव्याच्या कितीतरी अंगणांत आहे, फांद्या एकावर एक चकत्यांसारख्या येतात, कुंडीत ठेवलं तर सावकाश वाढतं आणि वर्षभर हिरवं असतं. फक्त शेंडा मोडू द्यायचा नाही, मोडला की सरळ वाढ गेली. आंटीला ते आवडलं, पण ओल्या मातीची कुंडी दरसाल आत-बाहेर कोण करणार? तेव्हा ते राहिलं. सहा फुटी नको होतंच. चार फुटी झाड अंकलना आवडलं, पण आंटीनं ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. तिचा निकष पक्का होता, ‘मला एकटीला उचलता आलं पाहिजे.’ शेवटी दोन फुटांहून थोडं जास्त, एकाच तुकड्यातलं, लाकडी बुडाचं झाड घेतलं. फांद्या आधीच बसवलेल्या, नुसत्या खाली दाबायच्या. दिव्यांची एकच बारीक एलईडी माळ. जुन्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची आणि अंकल खुर्चीत बसून एकेक बल्ब काढून तपासायचे, ते काम संपलं. त्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं, कारण जुनी माळ त्यांनी टाकू दिली नाही.

खरं काम घरी होतं. सात फुटांच्या झाडाची आभूषणं दोन फुटांवर कशी मावतील? बिस्किटांचे मोठे पत्र्याचे डबे, बोटीवरून आणलेल्या चॉकलेटांचे डबे, सगळे बैठकीतल्या टेबलावर उघडून ठेवले. मी मदतीला म्हणून गेले होते, पण हात लावायची हिंमत झाली नाही. एकेक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कागद पिवळे, काहींना कसर लागलेली. आंटी उलगडायची, अंकलच्या हातात द्यायची, ते बघून परत तिच्या हातात द्यायचे. निम्म्या वस्तूंवर एक शब्दही बोलावा लागला नाही. प्लास्टिकचे सोनेरी गोळे, सोलपटलेले, एका बाजूला. थर्माकोलचा सांता, एका बाजूला. मग मुलाच्या हातचा आगपेटीचा गिफ्टबॉक्स आला, वर लाल रिबन, आतल्या काड्या तशाच. आंटीच्या सासूनं क्रोशानं विणलेली नक्षत्रं आली, साखरेच्या पाकात बुडवून कडक केलेली, मुंग्यांपासून ती इतकी वर्षं कशी वाचली कोण जाणे. मुलीनं मॉन्टेसरीत केलेली अंड्याच्या टरफलाची बाहुली. आणि काचेचा पक्षी.

हा पक्षी मला नीट दाखवायचा आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा, आतून चंदेरी मुलामा दिलेला, पाठीवर निळा रंग, तो आता फक्त पंखांच्या कडेला उरलाय. पोटाला चिमटा, त्यानं तो फांदीवर बसतो, इतर गोळ्यांसारखा लोंबत नाही. शेपूट काचेच्या तंतूंची, केसांपेक्षा बारीक. हात लावला तर बोटात शिरतील म्हणून मुलांना त्याला शिवायची बंदी होती. जर्मनीतल्या लाउशा गावात एकोणिसाव्या शतकापासून फुंकून काचेची अशी आभूषणं करतात. तिथलाच हा असावा असं अंकल म्हणतात. हॅम्बुर्गला झाड घेतलं त्याच दुकानात घेतला होता आणि बोट गोव्यापर्यंत येईस्तोवर आपल्या बंकवर, उशीजवळ, मोज्यात घालून ठेवला होता. त्यांनी तो मोठ्या झाडावर नेहमी उंच, मुलांच्या हाताबाहेर लावला. त्यामुळे आंटीनं तो इतक्या वर्षांत जवळून असा पाहिलाच नव्हता. लहान झाडावर तो तिच्या डोळ्यांसमोर येणार होता.

मोठं झाड भरायचं असतं तेव्हा आपण सगळंच लावतो. निवडायची वेळच येत नाही. लहान झाडानं दोघांना टेबलापाशी बसवलं, संध्याकाळ मोडायला लावली, हे ठेवू का ते ठेवू यावर थोडं भांडायलाही लावलं. संसार आवरणं म्हणतात ते बहुतेक वेळा एकजण गेल्यावर दुसऱ्याला एकट्यानं करावं लागतं, नाहीतर परदेशातून पंधरा दिवसांच्या रजेवर आलेल्या मुलांना, घाईघाईत. दोघं हयात असताना, दोघांची आठवण शाबूत असताना, एकमेकांना विचारत विचारत करता येणं हे मोठं भाग्य आहे. वेळेत करायला हवं, एवढंच.

उरलेलं वाटलं. सात फुटी झाड वाड्यावरच्या कोपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, गेलं. तिथली मुलं दरवर्षी गोठा करतात, त्यांना हवंच होतं. अंकलनी जाऊन रंगाच्या खुणांचा क्रम शिकवला आणि तिवई घासून नवा रंग दिला. आगपेटी स्विंडनला गेली, अंड्याची बाहुली मात्र कॅनडाच्या प्रवासात टिकणार नाही म्हणून इथेच राहिली. क्रोशाची दोन नक्षत्रं माझ्याकडे आली.

गोठाही टेबलावर चढला. आधी तो झाडाच्या पायथ्याशी जमिनीवर असायचा आणि मांडताना आंटीला गुडघ्यांवर बसावं लागे. आता झाडाशेजारी एक पाट, त्यावर गोठा. गोठ्यातलं गवत ती विकतचं आणत नाही. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी पसरट डब्यात माती घेऊन नाचणी पेरते, अंधाऱ्या जागी ठेवून रोज पाण्याचा हबका मारते, २४ तारखेपर्यंत कोवळी, पोपटी पात येते. ती पात आता दिव्यांच्या पातळीला असते, खुर्चीत बसल्या बसल्या दिसते.

स्विंडनच्या मुलाला हे आवडलं नाही. २४ तारखेला मिसाला निघण्यापूर्वी, रात्री साडेदहाला, त्याचा व्हिडिओ कॉल येतो, तिकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. आंटीनं फोन झाडाकडे वळवला आणि त्याचा चेहरा पडला. ‘मम्मी, आपलं झाड कुठेय?’ मग तो म्हणाला, मी पैसे पाठवतो, माणूस ठेवा, पण मोठं झाड लावा. मला त्याचं दुःख कळतं. परक्या देशात थंडीत राबणाऱ्या माणसाला आपलं घर आपण सोडलं तसंच्या तसं हवं असतं. पण त्या घरातली माणसं तशीच्या तशी राहिलेली नसतात. आईबापांनी घराला त्याच्या लहानपणीच्या मापात धरून ठेवायचं आणि त्यासाठी शिडीवर चढायचं, हे मागणं चुकीचं आहे. ज्यांनी खोकं उचलायचं, उंची त्यांनीच ठरवावी. आंटी एवढंच म्हणाली, ‘बाबा, तू ये. आल्यावर बघ जवळून.’

हे सगळं पाहून आमच्याकडे चवथीची बोलणी सुरू झाली. आमची माटोळी मोठी. गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट, तिला नारळाची पेंड म्हणजे अख्खा घड, सुपारीचा कातरो, कवंडळं, कांगलां, घागऱ्या, माट्टीची फळं, तोरिंजन, चिबूड, आंबाडे. रानातलं आणि परसातलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते देवापुढे आणायचं. नारळाची अख्खी पेंड वर चढवून बांधायची म्हणजे दोन धडधाकट माणसं लागतात, आणि आमचे हे आता सत्तरीत. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हा विचार मनात आला आणि त्यावर आमचं दोन रात्री बोलणं झालं. शेवटी सुताराकडून निम्म्या मापाची चौकट करून घेतली, ती दोरीवर कप्पी लावून खालीच भरायची आणि मग वर ओढायची. पेंडीऐवजी एक शहाळं. कातरो लहान. पण रानफळातलं एकही गाळायचं नाही, प्रत्येकाचं एक तरी हवं, हे यांनी ठरवलं. आकार कमी करायचा, जिन्नस कमी करायचे नाहीत. मला वाटतं हे आंटीच्या टेबलापेक्षा वेगळं असूनही तितकंच बरोबर आहे. तिच्याकडे प्रत्येक वस्तूला माणसाची आठवण होती म्हणून निवड करावी लागली. आमच्याकडे प्रत्येक फळाला एक जागा होती, जंगलातली किंवा परसातली, आणि ती माहिती आमच्यानंतर कुणाला तरी असायला हवी. तोरिंजन आंटीच्या परसातलं येतं. ते तिनं नेहमीप्रमाणे गडगीवरून दिलं.

यंदा डिसेंबरात स्विंडनची मंडळी येणार आहेत, दोन्ही नातवंडांसह. मुलानं विचारलंच, कोपेलातलं झाड महिनाभर परत आणता येईल का? आंटी नाही म्हणाली. मोठं झाड सजवायचं असेल तर मुलांना कोपेलात पाठव, तिथे वाड्यावरची पोरं त्यांना फांद्या उघडायला शिकवतील, कोकणीही दोन शब्द येतील. घरच्या झाडासाठी तिनं वेगळा नियम केलाय. प्रत्येक नातवंडानं आपल्या आवडीची एक वस्तू आणायची आणि झाडावर लावायची. जागा व्हावी म्हणून झाडावरची एक काढायची आणि सहा जानेवारीला, तीन राजांचं फेस्त झालं की झाड उतरवताना, ती आपल्यासोबत घेऊन जायची. कुठली घ्यायची ते नातवंडांनी ठरवायचं. अंकलनी मात्र आत्ताच बजावून ठेवलंय, पक्षी मिळणार नाही.